नदीकडून तिसरा

माणूस गेल्यावर त्याचं पहिलं सरकारी काम माझ्या टेबलावर व्हायचं. डॉक्टरचा दाखला बघायचा, रजिस्टरात नाव, वय, पत्ता आणि वेळ लिहायची, दहन कुठल्या बेडवर होणार त्याचा नंबर टाकायचा आणि त्याच नंबरची चिठ्ठी घरच्यांच्या हातात द्यायची. सव्वीस वर्षं मी हे काम केलं. कोल्हापुरात स्मशानभूमी चार-पाच आहेत. मी कुठल्या स्मशानभूमीत कारकून होतो ते लिहीत नाही, कारण पुढं जी माणसं येणार आहेत त्यांतली काही अजून हिंडती-फिरती आहेत. आडनावंही त्यासाठीच गाळली आहेत.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा मी त्यांना आधीच विचारून घेतलं, की बाबा, फराळाच्या ताटाशेजारी हे चालेल का? ते चालेल म्हणाले. तेव्हा कुणाची तक्रार असेल तर ती त्यांच्याकडे करावी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आमचं काम थोडं सांगतो. बेड म्हणजे लोखंडी गजांची चौकट, चारी बाजूंनी उभे गज, आत शेणी, म्हणजे गोवऱ्या, आणि लाकडं रचायची. आमच्याकडं असे सहा बेड एका ओळीत होते, एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला फाटक. दहन झालं की राख तिथंच राहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी घरचे लोक रक्षाविसर्जनाला यायचे. आमच्याकडं या तिसऱ्या दिवसाचं महत्त्व फार. मयताला पन्नास माणसं असली तर रक्षाविसर्जनाला दोनशे. घरचे रक्षेला हात लावून तो कपाळाला लावतात, रक्षा गोळा करून नदीत सोडतात, नैवेद्य ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. मग कुणीतरी उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतं आणि मंडळी पांगतात.

आता राखेवर काही नाव लिहिलेलं नसतं. मंगळवार पेठेतल्या पैलवानाची राख आणि बाजारातल्या भाजीवालीची राख यांत मला सव्वीस वर्षांत काही फरक दिसला नाही. कोण कुठं आहे हे सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माझ्या चिठ्ठीवरचा नंबर. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी परत घ्यायची, रजिस्टराशी ताडून बघायची आणि फाडून टाकायची, अशी आमची पद्धत. हे मी शिस्तीत करायचो आणि त्याचा मला अभिमानही होता. लोक म्हणायचे, हा माणूस भारी खडूस हाय. असेन. रडणाऱ्या माणसाशी गोड बोलायला बाकीचं गाव होतं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक रिटायर मास्तर एकदा धडधाकट चालत आले आणि कागदपत्रं काय काय लागतात त्याची यादी मागू लागले. मी विचारलं, "मयत कोण?" ते म्हणाले, "अजून कोण न्हाय. पर पोरं पुन्याला असत्यात, ऐनवेळी धांदल हुती त्यांची." यादी नीट घडी करून खिशात घालून गेले. पुढं चार वर्षांनी त्यांचा मुलगा आला तेव्हा एकही कागद कमी नव्हता. दुसरे एक गृहस्थ वडिलांचं दहन थांबवून माझ्याशी भांडत होते, कारण शेजारच्या बेडवर ज्याची राख होती त्याच्याशी वडिलांचा बांधावरून वाद होता. त्यांना दुसरा बेड दिला. नियमात बसत नव्हतं, पण दिला.

आणि तिसरी जात म्हणजे इच्छुक उमेदवार. आमच्या शहरात ज्याला नगरसेवक व्हायचंय त्याला मयत चुकवून चालत नाही. लग्नाला नाही गेलं तर लोक समजून घेतात, रक्षाविसर्जनाला नाही दिसलं तर ते पाच वर्षं लक्षात ठेवतात. त्यामुळं वॉर्डात कोण उभा राहणार हे मला पेपरवाल्यांच्या आधी कळायचं. एखादा माणूस ओळीनं तीन मयतांत पांढऱ्या शर्टात दिसला, की मी मनात त्याचा अर्ज भरून टाकायचो. ही मंडळी यायची, घरच्यांच्या नजरेला पडेल अशी जागा धरायची, हात जोडायची आणि पुढच्या मयताला निघायची.

आनंदाला मी आधी त्यांतलाच धरला होता. त्याची पेठेत पिठाची गिरणी होती. गिरणी तशीच चालू ठेवून यायचा, त्यामुळं भुवयांवर पीठ असायचं. पुढं फलकांवर त्याचं 'आनंदराव' झालं, पण पेठ त्याला आनंदाच म्हणायची. तो कुठंही जायचा. लिंगायत समाजात दफन असतं, तर तिथंही खड्ड्याकाठी हा उभा. नजरेला पडायची जागा मात्र तो धरत नसे. आल्या आल्या शेणी वाहू लागायचा, म्हाताऱ्या माणसांना पाणी नेऊन द्यायचा. मला वाटायचं, हा जास्त मुरलेला आहे.

एकदा एक बेवारस मयत आलं. स्टँडवर भीक मागणारा कुणीतरी. पोलीस हवालदार, गाडीवाला आणि आमचे दोन कामगार, एवढीच माणसं. आनंदा दुसऱ्या कुणाच्या तरी दहनाला आला होता, तो आपण होऊन पुढं झाला आणि खांदा दिला. ते एक वेळ ठीक होतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला, त्या बेवारस माणसाची रक्षा गोळा केली, नदीत सोडली आणि गिरणीकडं चालता झाला. बघायला मी एकटा, आणि माझं मत दुसऱ्या वॉर्डात. त्या दिवसापासून मी त्याला चहा पाजायला लागलो. माझ्या हातचा चहा फार कमी लोकांनी प्यायलाय.

स्मशानभूमीसाठीही त्यानं पुष्कळ केलं. बेडवर पत्र्याची शेड नव्हती. पावसाळ्यात लोक चितेवर ताडपत्री धरून उभे राहायचे. आनंदानं दीड वर्ष महापालिकेच्या पायऱ्या झिजवून शेड करून घेतली, हातपाय धुवायला नळ घेतला. बायकांना बसायला आडोसा नव्हता, तो निवडून आल्यावर करणार असं म्हणायचा. आणि त्यानं बेडवर नंबरच्या पाट्या लावून घेतल्या. इथंच पुढचं सगळं सुरू होतं, म्हणून नीट सांगतो.

पूर्वी पाट्या नव्हत्या. सगळ्यांत जुना बेड नदीकाठचा, बाकीचे त्याच्यामागून फाटकाच्या दिशेनं वाढत गेलेले. म्हणून आम्ही नदीकडून मोजायचो. नदीजवळचा पहिला, फाटकाजवळचा सहावा. आनंदाचं म्हणणं पडलं, की माणसं फाटकातून आत येतात, त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, त्यांना फाटकाकडून एक, दोन, तीन दिसलं पाहिजे. म्हणणं बरोबर होतं. पाट्या फाटकाकडून लागल्या. म्हणजे आमचा तिसरा आता चार झाला आणि आमचा चौथा झाला तीन. 'यापुढे पाटीवरचा नंबर लिहावा' अशी लेखी सूचना आली आणि मी तिच्यावर सही केली. कामगार मात्र जुन्या सवयीनंच हाक मारायचे. पाटी बघून लिहायची जबाबदारी माझी.

नव्वदीच्या दशकातली ती निवडणूक. आनंदा उभा होता. मतदानाला दहा-बारा दिवस राहिले होते आणि या खेपेला गिरणीवाला येतोय असं सगळेच म्हणत होते. पेठेतल्या मोठ्या तालमीचे प्रमुख निवासराव त्याच्या पाठीशी होते, आणि निवासराव ज्याच्या पाठीशी त्याच्या मागं निम्मी पेठ. त्या दिवशी सकाळी निवासरावांची आई गेली. वय झालेलं होतं, तरी माणूस हादरून गेला होता. ही गर्दी. चारही उमेदवार हजर. एकेक जण माझ्या टेबलाला टेकून बोलत होता, मी वैतागलेलो होतो, आणि कामगारानं शेडमधून ओरडून सांगितलं, "तिसऱ्यावर घेतलंय." मी तीन लिहिलं. मान वर करून पाटी बघितली नाही. चिठ्ठीवरही तीन.

दुपारी गणपत हमाल आला. मार्केट यार्डात पोती वाहणारा माणूस. बरोबर आठ-दहा जण आणि त्याची एकुलती मुलगी सुनंदा. ती मला म्हणाली, "मामा, बा थप्पीवरनं पडलावता तवा मांडीत सळई घातलीया. ती राखंत घावंल, ती बी संगं सोडायची हाय." मी बरं म्हटलं. कामगार ओरडला, "चौथ्यावर." मी चार लिहिलं.

म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या उलट झाल्या होत्या. निवासरावांची आई पाटी क्रमांक चारवर होती आणि त्यांच्या हातात तीनची चिठ्ठी. गणपत तीनवर होता आणि त्याच्या मुलीजवळ चारची. बेड शेजारशेजारचे आणि दिसायला सारखे, तेव्हा तिसऱ्या दिवशी लोक चिठ्ठीवरच विसंबायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निवासरावांकडचं रक्षाविसर्जन. दोनशेच्या वर माणसं. आनंदा पहाटेपासून धावत होता, त्या सकाळी त्याला अशी तीन ठिकाणं करायची होती. त्यानं निवासरावांच्या हातातली चिठ्ठी बघितली, "तीन. असं या," म्हणाला आणि सगळ्यांना तीनच्या पाटीपाशी नेलं. निवासरावांनी रक्षा कपाळाला लावली आणि ते लहान मुलासारखे रडले. राखेतून एक सळई निघाली. कुणीतरी विचारलं हे काय, तेव्हा आनंदा घाईत म्हणाला, "बेडचा गज असंल तुटलेला," आणि ती खांबाशी उभी करून ठेवली. रक्षा नदीत गेली. नैवेद्य ठेवला आणि दोन मिनिटांत कावळा शिवला. लोकांनी हात जोडले. "आई समाधानानं गेली," निवासराव म्हणाले. जाताना मला चिठ्ठी परत दिली. मी रजिस्टराशी ताडली, तीन आणि तीन जुळलं, मी ती फाडली.

दहाच्या सुमारास सुनंदा आली. तिच्या माणसांनी चार नंबरची राख दोनदा चाळली. मग ती माझ्या टेबलाशी आली आणि चिठ्ठी पुढं ठेवली. "मामा, सळई न्हाय."

मी शेडकडं बघितलं. पाट्यांकडं बघितलं. मग रजिस्टराकडं. तीन वर्षांपूर्वी एका दाखल्यावर मयताच्या जागी त्याच्या मुलाचं नाव माझ्या हातून गेलं होतं, आणि तो मुलगा स्वतःच तक्रार घेऊन आला होता. त्या वेळी लेखी ताकीद मिळाली होती, आणखी एक चूक झाली तर घरी बसावं लागेल अशी. घरात आम्ही सहा माणसं, कमावणारा मी एक.

तेवढ्यात आनंदा आला. सुनंदाला येतो म्हणून शब्द दिला होता, म्हणून दुसरं ठिकाण उरकून तो आला होता. सळई नाही म्हटल्यावर तो खांबाकडं गेला आणि ती घेऊन आला. स्क्रूची भोकं असलेली, काळवंडलेली. सुनंदानं ओळखली. आनंदानं माझ्याकडं बघितलं आणि मला लाकडांच्या खोलीत घेऊन गेला.

"मामा, काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. मग पुढं जे बोललो ते लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. मी म्हटलं, "सळई तिच्या हातात दे. गजाला अडकली होती म्हणून सांग. चारची राख ती घेऊन जाईल, सोडेल. निवासरावांचं झालंच आहे. राख कुणाला ओळखू येतेय?"

तो म्हणाला, "म्हंजे त्यांच्या आईला परकी माणसं सोडनार, आनि त्यांस्नी कवा कळनारबी न्हाय."

"निवडणूक दहा दिवसांवर आहे, आनंदा."

"ती मला ठावं हाय की." मग त्यानं विचारलं, "तुमास्नी काय करतील?"

"घरी पाठवतील."

"मग तुमी गप ऱ्हावा. पाट्या मी लावल्या. लोकांस्नी घेऊन मी गेलो. सळई बेडची म्हनलो ते बी मीच. माझं काय जायाचंय? जे अजून मिळालंच न्हाय ते जानार कुठलं?"

तो बाहेर आला आणि सुनंदापुढं खाली बसून त्यानं तिला सांगितलं. माझ्या चिठ्ठीची चूक सोडून सगळं खरं सांगितलं. तिनं विचारलं, "मग माझा बा कुठं गेला?"

"नदीला गेला. निवासरावांनी आई समजून सोडला."

ती बराच वेळ सळई हातात धरून बसली. मग म्हणाली, "आमच्यात आठ मानसं आल्याती. बा दोनशे मानसांत गेला म्हना की." आणि थोड्या वेळानं, "ऱ्हाऊ दे. माझं झालं. पर त्यांस्नी त्यांची आई द्या." ती नदीवर गेली, सळई सोडली, हात जोडले आणि माणसांना घेऊन निघून गेली. तिनं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

आनंदा मला म्हणाला, "चारला कुनाला हात लावू देऊ नका. मी निवासरावांस्नी घेऊन येतो." आणि लुनावर बसून मंगळवार पेठेकडं गेला. मी टेबलाशी आलो. रजिस्टर उघडलं आणि निवासरावांच्या आईपुढच्या तीनाचा चार केला, गणपतपुढच्या चाराचा तीन केला, सुनंदाची चिठ्ठी फाडून टाकली. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. त्या दोन जागा सोडून ते खरं आहे.

तासाभरात निवासराव आले. आता बरोबर पंचवीस-तीसच माणसं होती, पण सगळी तालमीतली. त्यांच्या कपाळावरची राख तशीच होती. "कुनाची रक्षा म्या कपाळाला लावली?" त्यांनी विचारलं. आनंदानं गणपतचं नाव सांगितलं. कुणीतरी गणपतच्या जातीवरून काहीतरी बोललं. ते मी इथं लिहीत नाही. निवासराव त्या माणसाकडं बघून "गप" म्हणाले. पण बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"चूक कुनाची?"

"माझी," आनंदा म्हणाला. "चिठ्ठी मी चुकीची वाचली."

निवासराव माझ्याकडं वळले. "चिठ्ठीवर काय हुतं, कारकून?"

आनंदा माझ्याकडं बघत नव्हता. तो नदीकडं बघत होता. मी रजिस्टर त्यांच्यापुढं फिरवलं आणि म्हणालो, "चार."

पुढचं मी कितीदा तरी आठवून बघितलंय. त्यांनी चारवरची रक्षा गोळा केली, नदीत सोडली. पुन्हा नैवेद्य ठेवला. आता कावळा येईना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. निवासरावांनी आईला सगळं कबूल केलं, धाकट्या बहिणीला अंतर देणार नाही म्हणाले, नातवाचं लग्न लावून देईन म्हणाले. कावळा झाडावर बसलेला, खाली येईना. आनंदा एका बाजूला हात जोडून उभा होता. मग मघाच्याच माणसानं मोठ्यानं म्हटलं, "हा हाय तंवर ती यायची न्हाय."

आनंदानं निवासरावांकडं बघितलं. निवासराव काही बोलले नाहीत. तो मागं वळला, फाटकाबाहेर गेला. आणि कावळा शिवला.

मी सव्वीस वर्षं कावळे बघितलेत. नैवेद्याभोवती माणसं दाटून उभी असली की ते उतरत नाहीत, माणसं हलली की उतरतात. आनंदा निघाला तेव्हा सगळे त्याच्याकडं बघायला फाटकाच्या दिशेनं वळले, चार पावलं सरकले, जागा मोकळी झाली. शिवाय तीन तासांपूर्वी त्याच कावळ्यांनी पोटभर खाल्लेलं होतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी ते बोललो नाही. बोलायला तोंड उरलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट पेठभर झाली. रक्षेची अदलाबदल लोकांनी कदाचित पोटात घातली असती. पण आनंदा हटला आणि कावळा शिवला, हे कुणी विसरेना. दुसऱ्या उमेदवारांना काही करावंच लागलं नाही. निवासरावांनी कुणालाच काही सांगितलं नाही, आणि तालमीला जे समजायचं ते समजलं. आनंदा पडला. चांगला पडला. तीन गल्ल्यांनी त्याला मत दिलं नाही, आणि त्या तीन गल्ल्यांत असं एकही घर नव्हतं जिथल्या मयताला त्यानं खांदा दिला नव्हता.

निवडणुकीचं एक वेळ सोडा. पडणारे पडतात, पुन्हा उभे राहतात. आनंदाचं त्याहून वाईट झालं. लोक त्याला मयताला बोलवेनात. एकदा तो आला तर घरच्यांतल्या एकानं त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "रागावू नगंस आनंदा, पर तू आत येऊ नगंस." त्यानं मान डोलावली. त्यानंतरही तो यायचा, पण फाटकाच्या बाहेर उभा राहायचा. आत शेड त्यानं बांधून घेतलेली, नळ त्यानं आणलेला, आणि तो बाहेर उन्हात. दहन झालं की बाहेरूनच हात जोडून गिरणीकडं जायचा. बायकांचा आडोसा काही झाला नाही. निवडून आलेल्याचा तो विषय नव्हता.

मी दिसलो की म्हणायचा, "काय मामा, बरं हाय न्हवं?" त्यात कुठंही टोमणा नसायचा. मी तो शोधायचो. चहाला बोलावलं तर म्हणायचा, "गिरनी चालू हाय." मी त्याला आत चल असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर का म्हणून कुणीतरी विचारलं असतं.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी मी रिटायर झालो. निरोप समारंभात साहेब म्हणाले, यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड सापडणार नाही. मी नारळ घेतला आणि घरी आलो.

पुढच्याच वर्षी आनंदा गेला. गिरणीतच छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपला. वय काही जास्त नव्हतं. माझ्या जागेवर नवा मुलगा होता, त्यानं पाटी बघून नीट नंबर लिहिला. तिसऱ्या दिवशी मी गेलो. माणसं साठ-सत्तर असतील. सुनंदा आली होती, तिच्याबरोबर तिचा मुलगा. निवासरावही आले होते, काठी टेकत, आणि मागं उभे होते. रक्षा नदीत सोडून झाली. कुणीतरी म्हणालं, "कोन बोलनार हाय का?"

आमच्यासारख्या तिथल्या नोकरमाणसांनी बोलायची पद्धत नाही. सव्वीस वर्षांत मी कधी बोललो नव्हतो. पण आता मी नोकर नव्हतो, आणि नोकरी जाईल ही भीतीही उरली नव्हती. ती उरली नाही म्हणूनच उभा राहिलो, हे मला माहीत आहे. मी सगळं सांगितलं. तीन लिहिलं होतं हे सांगितलं, चार केलं हे सांगितलं, कावळ्याचं सांगितलं. आनंदाची बायको पदर तोंडाला लावून बसली होती, तिनं वर बघितलं नाही. तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी आजतागायत विचारू शकलो नाही.

लोक पांगले. निवासराव फाटकाशी थांबले होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. शिव्या देतील असं वाटत होतं, आणि त्या मला हव्या होत्या.

ते म्हणाले, "आईच्या बाराव्याला त्यो आमच्या घरी आलता. ठावं हाय तुमास्नी?"

मला माहीत नव्हतं.

"फोटूच्या पाया पडतो म्हनला. दारात मी हुतो. त्येला आत घेतलं न्हाय. पानीबी इचारलं न्हाय. सगळी पंगत बघत हुती. त्यो उभा ऱ्हायला, चपला घातल्या आनि गेला."

मी म्हटलं, "निवासराव, त्यात तुमचा दोष नाही. दोष माझा आहे. मी खरं बोललो असतो तर तुम्ही त्याला आत घेतलं असतं."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि नदीकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "पर दारात मी हुतो न्हवं."